वेदगंगेपलीकडचा बंब

निपाणीहून कागलच्या दिशेनं निघालं की महामार्गावर लगेच यमगर्णी लागतं आणि तिथं वेदगंगा आडवी येते. नदी ओलांडून पुढं कोगनोळी, मग दूधगंगा, आणि दूधगंगेच्या पलीकडं कागल, म्हणजे महाराष्ट्र. एरवी हा जेमतेम वीस किलोमीटरचा रस्ता. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. अशा दिवसांत कोगनोळीचं स्थान नकाशावर दिसतं तसं राहत नाही. कागदोपत्री गाव निपाणी तालुक्यातलं, त्याच्यासाठी धावायचं अग्निशमन ठाणं निपाणीचं, पण मधे पाणी. कागलकडून मदत यायची तर राज्य बदलतं आणि दूधगंगेचा पूलही वाहता असावा लागतो. घरात पाणी शिरल्यावर शॉर्टसर्किट होतं, माणसं माळ्यावर अडकतात, आजाऱ्याला बोटीतून काढावं लागतं. त्या वेळी या पट्ट्यात कुणी, कुठून, कोणत्या रस्त्यानं यायचं, हे कुठंतरी आधीच ठरलेलं असायला हवं. ते कुणी ठरवतं, ते कागदावर कुणाला बघायला मिळतं आणि ते चुकलं तर कुणाला विचारायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

अग्निशमन सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर लाल गाडी येते, घंटा येते, पाण्याचा फवारा येतो. पण त्या गाडीचं यशापयश बऱ्याच अंशी आग लागण्याच्या कित्येक वर्षं आधी ठरलेलं असतं. ठाणं कुठं बांधलं, गाड्या किती आणि कोणत्या दिल्या, पाण्यानं न विझणाऱ्या आगीसाठी फेस आहे का, अरुंद गल्लीत शिरणारी छोटी गाडी आहे का, टाकी रिकामी झाल्यावर पाणी कुठं भरायचं, रात्रपाळीला माणसं किती, या सगळ्या निर्णयांना मिळून सुरक्षा नियोजन म्हणतात. हे निर्णय तांत्रिक वाटतात, पण प्रत्येक निर्णयात कुणाला किती मिनिटं थांबावं लागेल याची वाटणी असते. ठाणं शहराच्या दक्षिणेला बांधलं तर उत्तरेकडची माणसं जास्त वेळ वाट बघतात. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जिवांच्या बाबतीत केलेली ही वाटणी लोकांसमोर मांडली गेली पाहिजे आणि लोकांनी निवडून दिलेल्या सभेत तिच्यावर प्रश्न विचारता आले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. बेळगाव-निपाणी भागात आज ही सोय जवळजवळ नाही. ती का नाही हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा आग विझवणं हे नगरपालिकेचं काम होतं. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात नगरपालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आगी विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचं रक्षण करणं ही कामं होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि १९६४ मध्ये त्या राज्यानं अग्निशामक दलाचा स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानं अग्निशमन दल राज्याचं झालं, गृह खात्याखाली आलं. नदीच्या पलीकडं महाराष्ट्रात मात्र ते पालिकांकडंच राहिलं. म्हणून कोल्हापूरचं अग्निशमन दल कोल्हापूर महापालिकेचं आहे, आणि बेळगावचा बंब मात्र बंगळूरहून चालणाऱ्या खात्याचा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ कामांची यादी दिली. तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. कर्नाटकानं त्यांतली बाकीची १७ कामं नागरी संस्थांकडं सोपवल्याचं धरलं आणि अग्निशमन तेवढं राज्याकडं ठेवलं.

राज्यानं ते स्वतःकडं ठेवण्यामागं चांगली कारणं होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. राज्यव्यापी दलात प्रशिक्षण एकसारखं होतं, महागडी शिडी किंवा बचाव-वाहन एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येतं, गरीब नगरपालिकेच्या तिजोरीवर जवानांचा पगार अवलंबून राहत नाही. निपाणीसारख्या २०११ च्या जनगणनेत ६२,८६५ लोकवस्ती असलेल्या गावाला स्वबळावर सुसज्ज दल चालवणं जड गेलं असतं. पण व्यवस्था राज्याकडं गेली तेव्हा तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याची जागाही गेली. महापालिकेच्या सभेत नगरसेवक गटारावर, पाण्यावर, कचऱ्यावर तासन्‌तास बोलू शकतो, कारण ती कामं सभेची आहेत. बंब किती वेळात आला यावर त्याला तक्रार करता येईल, पण उत्तर द्यायला बांधलेलं समोर कुणी नाही. आमदार विधानसभेत प्रश्न टाकू शकतो. मात्र २२४ आमदारांच्या सभागृहात कोगनोळीच्या पुलाचा किंवा खडेबाजारातल्या एखाद्या गल्लीचा नंबर कधी लागायचा?

अडचण अशी की बंब राज्याचा झाला तरी आग गावाचीच राहिली. बंब ज्या रस्त्यानं येतो तो रस्ता महापालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. रस्त्यावरची अतिक्रमणं, मंडप, हातगाड्या यांना परवानगी द्यायची की हटवायचं, हे पालिकेच्या हातात. इमारतीला बांधकाम परवाना पालिका देते. बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल इथून येतं, त्याचं वितरण नागरी पाणीपुरवठ्याची यंत्रणा बघते, म्हणजे बंबाची टाकी भरायची तर तिच्याशी जमवून घ्यावं लागतं. आग लागली की वीज तोडायची ती वीज कंपनीनं, म्हणजे हेस्कॉमनं. कारखान्याच्या आतली सुरक्षा तपासायची ती कारखाने आणि बाष्पके खात्यानं. अग्निशमन ठाण्याच्या अधिकाऱ्याला यांतल्या कुणालाही हुकूम देता येत नाही आणि यांतलं कुणीही त्याच्या नियोजनाला जबाबदार नाही. प्रत्येकाकडं आपापला कागद व्यवस्थित असेल, तरी पाचही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत तर गणपत गल्लीत गाडी वळणार कशी, हे कुणालाच ठाऊक नसतं. सार्वजनिक देखरेखीचा पहिला उपयोग इथं आहे. खात्यांना एका जागी बसवून गावासमोर बोलायला लावायचं, तर ते काम गावाची सभाच करू शकते.

आता थोडं गणित करू, कारण या विषयात भावनेपेक्षा मिनिटं महत्त्वाची. देशातल्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार मंडळानं घालून दिलेले निकष आहेत. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पहिली गाडी पोचावी. तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर पन्नास हजारांना एक पाणी मारणारी गाडी आणि त्यापुढं दर लाखाला आणखी एक असावी. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ मध्ये चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार होती. त्या हिशेबानं शहराला अशा आठ गाड्या हव्यात, आणि ही लोकसंख्याही आता जुनी झाली. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर. प्रत्येक तालुक्याला एक ठाणं धरलं तर एका ठाण्याच्या वाट्याला सरासरी नऊशे चौरस किलोमीटर येतात. ठाणं बरोबर मध्यभागी आहे असं मानलं तरी कडेचं गाव सरळ रेषेत सतरा किलोमीटर लांब पडतं, वळणावळणाच्या रस्त्यानं बावीस तरी. पाण्यानं भरलेली जड गाडी ताशी चाळीसच्या वेगानं गेली तर तिथं पोचायला तेहतीस मिनिटं. त्यात फोन लागायचा वेळ धरलेला नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकण्याचा वेळही नाही. म्हणजे तालुक्याला एक ठाणं दिल्याचं समाधान ज्या क्षणी आपण मानतो, त्याच क्षणी वीस मिनिटांचा निकष तालुक्याच्या मोठ्या भागासाठी सोडून दिलेला असतो. हे सोडून देणं एखाद्या वेळी अपरिहार्यही असेल. पण कोणत्या गावांसाठी सोडलं, त्यांना ते सांगितलं का, आणि त्या गावांत पहिली वीस मिनिटं सांभाळायला पर्यायी व्यवस्था काय केली, ही माहिती त्या गावांच्या हक्काची आहे.

सरासरीच्या पोटात प्रत्येक गावाचा आपला धोका लपलेला असतो. निपाणीचा धोका तंबाखूच्या वखारीत आहे. कोरडा माल, पोत्यांच्या थप्प्या, हवेत तरंगणारी भुकटी, आणि आत काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका. वखारीचं दार कुठल्या बाजूला उघडतं, मागचा बोळ बंद झालाय का, हे तिथं रोज जाणाऱ्या बाईला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे डोंगर असतात आणि त्यांना लागलेली आग आतून धुमसत राहते. ज्या कारखान्यांनी इथेनॉल सुरू केलं त्यांच्याकडं ज्वलनशील द्रवाचे साठे आले, आणि त्या आगीवर पाणी पुरेसं नसतं, अल्कोहोलला टिकणारा विशेष फेस लागतो. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्या, वडगाव-खासबागेत घराला लागून असलेले यंत्रमाग, बाजारपेठेतल्या जुन्या माड्या आणि त्यांच्या खालची कापडाची दुकानं, गणेशोत्सवात मंडपांनी निम्म्या होणाऱ्या गल्ल्या. ६ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी बेळगाव तालुक्यात नावगे इथल्या चिकट टेप बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. चिकटद्रव्य आणि प्लास्टिक यांची आग रात्रभर चालली आणि विशीतला एक कामगार त्यात गेला. अशा घटनेनंतर मालकाचं काय चुकलं याची चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही: त्या परिसरात असे कारखाने आहेत हे माहीत असताना सर्वांत जवळच्या ठाण्याच्या नियोजनात त्यांची नोंद होती का, आणि ती नोंद शेजारच्या ग्रामपंचायतीनं कधी बघितली होती का? भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातलेल्या ४१-ब कलमानं धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. शेजाऱ्याला धोका कळला पाहिजे हे तत्त्व आपल्या देशानं हजारो जीव गमावून मान्य केलेलं आहे. मालकाला लावलेलं तत्त्व सरकारी नियोजनाला लावू नये याचं काही कारण मला दिसत नाही.

राज्याचं एकच दल आणि तरीही स्थानिक देखरेख, हे दोन्ही एकत्र नांदू शकतं का? स्कॉटलंडचं उदाहरण इथं फार उपयोगाचं आहे. तिथं १ एप्रिल २०१३ ला आठ प्रादेशिक दलं मोडून संपूर्ण देशासाठी एकच अग्निशमन आणि बचाव सेवा केली गेली. तेव्हाही लोकांना भीती हीच होती की दूरच्या बेटांचं आणि खेड्यांचं एडिनबरो-ग्लासगोपुढं कोण ऐकणार. म्हणून कायद्यातच व्यवस्था केली: ३२ स्थानिक परिषदांपैकी प्रत्येकीसाठी एक जबाबदार स्थानिक अधिकारी, प्रत्येकीसाठी वेगळा स्थानिक अग्निशमन आराखडा, आणि तो आराखडा त्या परिषदेपुढं मंजुरीसाठी ठेवायचा. दल देशाचं, पण आराखड्यावर गावाची सही. परिषद आग विझवायला जात नाही, जवानाला हुकूम देत नाही. ती विचारते, आकडे मागते आणि ते प्रसिद्ध करायला लावते. कर्नाटकाची रचना स्कॉटलंडसारखीच आहे, कमी आहे ती फक्त ही सही.

लोकांचं न ऐकल्यानं काय होतं याचं उदाहरण लंडनमध्ये आहे. ग्रेनफेल टॉवर या बहुमजली इमारतीत राहणाऱ्यांच्या गटानं इमारतीतल्या धोक्याबद्दल नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर लिहून इशारा दिला होता. १४ जून २०१७ च्या रात्री तिथं लागलेल्या आगीत ७२ माणसं मेली. पुढच्या चौकशीत इमारतीच्या ज्वालाग्राही आवरणाबरोबरच अग्निशमन दलावरही ठपका आला: रहिवाशांना घरातच थांबा असं सांगण्याचं जुनं धोरण परिस्थिती बदलल्यावरही चालू राहिलं आणि संपूर्ण इमारत रिकामी करण्याची तयारीच नव्हती. जगातल्या सर्वांत अनुभवी दलांपैकी एकाच्या नियोजनात ही फट राहू शकते, तर आपल्याकडच्या नियोजनात काही राहिलंच नसेल असं गृहीत धरणं धोक्याचं आहे.

यावर महाराष्ट्राकडं बोट दाखवून एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. तिथं अग्निशमन पालिकांकडंच आहे, २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, इमारतीच्या मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असं बंधन आहे. तरी काय झालं? ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांचं अग्निसुरक्षा ऑडिट करण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आग लागली आणि अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण मेले. एकाच वर्षात, ऑडिटच्या आदेशानंतर. मग स्थानिक नियंत्रणानं काय साधलं? माझं उत्तर असं की पालिकेच्या हातात दल असणं आणि लोकांच्या नजरेत नियोजन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑडिट झालं, त्यात त्रुटी सापडल्या, पण त्या त्रुटींची यादी रुग्णालयाच्या दारावर लागली नाही, रुग्ण कल्याण समितीत वाचली गेली नाही, कोणती त्रुटी किती दिवसांत दूर होणार याची तारीख कुणी जाहीर केली नाही, तर फायलीतला दोष फायलीतच राहतो. बंद कपाटातलं ऑडिट दहा वेळा केलं तरी त्याचा आगीवर काही परिणाम होत नाही. म्हणून बेळगावात दल महापालिकेकडं द्या अशी मागणी मी करत नाही. मागणी आहे ती कपाट उघडण्याची.

कपाट उघडल्यानं फरक पडतो याचा दाखला कर्नाटकातच मिळतो. २३ फेब्रुवारी २०१० ला बंगळूरच्या कार्ल्टन टॉवर्समध्ये आग लागून नऊ जण गेले. जवळची माणसं गमावलेल्यांनी एकत्र येऊन ‘बियाँड कार्ल्टन’ ही संस्था काढली आणि अग्निसुरक्षेचे नियम, तपासणी आणि अंमलबजावणी यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, न्यायालयातही नेला. त्याआधी दिल्लीत १३ जून १९९७ च्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ जण गेले तेव्हा त्यांच्या आप्तांनी हेच केलं होतं. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. आपल्या देशात सार्वजनिक देखरेख झालेली आहे, पण ती बहुतेक वेळा आई-बापांनी लेकरं गमावल्यानंतर झाली आहे. तीच देखरेख आधी, शांत दिवशी, ग्रामसभेत बसून करता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

तज्ज्ञांचं काम सामान्यांनी तपासायचं कसं, असं विचारलं जातं. गाडीच्या पंपाचा दाब किती असावा हे ग्रामसभा ठरवणार नाही, ठरवूही नये. पण ‘मागच्या वर्षी आमच्या गावातून किती फोन आले आणि प्रत्येक वेळी गाडी किती मिनिटांत आली’ हे समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. उलट तज्ज्ञाला माहीत नसलेली बरीच माहिती गावाकडं असते: पावसाळ्यात कोणता ओढा आधी भरतो, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे. गुप्ततेचा मुद्दाही निघतो. आराखडा उघड केला तर घातपात करणाऱ्याला मदत होईल, असं म्हणतात. लष्करी भाग असलेल्या बेळगावात ही काळजी पोकळ नाही. स्फोटकांचे, इंधनाचे साठे नेमके कुठं आहेत हा तपशील वगळता येतो. ठाण्यांची जागा, गाड्यांची संख्या, रिक्त पदं, पोचण्याचा वेळ यांत घातपात्याला उपयोगी असं काही नाही. ज्या कमतरता लपवल्यानं शत्रू फसत नाही, त्या लपवल्यानं फसतात ते फक्त शेजारी.

सर्वांत अवघड आक्षेप राजकारणाचा. बेळगावात कोणताही प्रश्न सभेत गेला की तो सीमाप्रश्न होतो, कोल्हापूरचा बंब बोलवायचं नाव काढलं तरी कुणाच्या तरी अस्मितेला धक्का लागतो, असं म्हटलं जातं. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा दोन राज्यांमधल्या हद्दीचा आहे. एखाद्या आगीवर शेजारच्या राज्याची गाडी आली म्हणून त्या दाव्यात कुणाची बाजू वर-खाली होत नाही. दोन्ही राज्यांनी हे पाण्याच्या बाबतीत आधीच करून दाखवलंय. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. अलमट्टी धरणातून किती पाणी कधी सोडायचं, आकडे एकमेकांना कसे कळवायचे यावर त्यांची चर्चा झाली, कारण २०१९ च्या पुरानं दोन्हीकडची माणसं बुडवली होती. अलमट्टीसाठी जे जमलं ते यमगर्णीसाठी जमायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यात नगरपालिकांचे आणि साखर कारखान्यांचे बंब शेजारच्या गावांसाठी धावतात, ही तिथली जुनी रीत आहे. ती हद्दीपाशी थांबू नये यासाठी लेखी समझोता लागतो: बोलावणार कोण, खर्च कुणाचा, घटनास्थळी हुकूम कुणाचा, जखमी जवानाची भरपाई कोण देणार. कोगनोळीतून ११२ ला फोन केला तर मोबाईल कोणत्या राज्याच्या मनोऱ्याला लागतो आणि तो फोन कोणत्या राज्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो, याचीही चाचणी घेऊन निकाल सांगायला हवा. असा समझोता असेल तर तो दोन्ही बाजूंच्या गावांना दिसला पाहिजे. नसेल तर तो नाही हे तरी त्यांना कळलं पाहिजे.

आणि तो समझोता, तसाच गावाचा आराखडा, त्यांच्या भाषेत दिसला पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेळगाव जिल्ह्यात अठरा टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव या तालुक्यांत हे प्रमाण बरंच जास्त आहे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे पंधरा टक्क्यांवर आहेत तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशानं मान्य केलेलं संरक्षण आहे. घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क दिला आहे. सुरक्षेच्या कागदाबाबत हा अस्मितेचा प्रश्न उरत नाही. धुरानं भरलेल्या जिन्यात ‘बाहेर पडण्याचा मार्ग’ ही पाटी वाचता येणं हा श्वासाचा प्रश्न आहे. कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही भाषांत तो आराखडा असावा, कारण निपाणीच्या एका वखारीत तिन्ही भाषा बोलणाऱ्या बायका शेजारी-शेजारी बसतात.

पैसे नसताना देखरेख काय कामाची, हा शेवटचा आक्षेप. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची तरतूद सुचवली आणि २०२३ मध्ये केंद्रानं त्याची योजना सुरू केली. पैसा कमी आहेच, पण जो आहे तो कोणत्या तालुक्याला मिळतो हे मागणी कुणी, किती आकडे हातात घेऊन केली यावर ठरतं. ज्या गावाकडं स्वतःच्या मिनिटांचा हिशेब नाही ते मागणार तरी काय? यात जवानांचंही हित आहे. उशिरा आले म्हणून जमावाच्या शिव्या खातो तो गाडीवरचा जवान, ठाणं तिथं न बांधणारा कार्यालयातला अधिकारी शिव्या खात नाही. नियोजनातली कमतरता जाहीर झाली की दोष योग्य दारात जातो, आणि कमी माणसांत, जुन्या गाडीवर काम करणाऱ्याच्या पाठीशी गाव उभं राहतं.

यासाठी नव्या कायद्याची वाट बघायचीही गरज नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं, स्थानिक संस्थेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला त्याचं सहअध्यक्षपद दिलं, आणि जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून करावा, दर वर्षी त्याचा आढावा घेऊन तो अद्ययावत करावा, असं ३१ व्या कलमात लिहिलं. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं नागरी प्राधिकरण नेमण्याचा मार्ग उघडला, म्हणजे बेळगावसाठी तो खुला आहे. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम, कुणी मागितली नाही तरी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगतं. या तिन्ही दारांतून आत जाऊन बेळगाव महापालिकेनं, निपाणी नगरपालिकेनं आणि महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, अग्निशमन अधिकाऱ्यांना सभेत आमंत्रण देऊन हेस्कॉम, पाणीपुरवठा आणि कारखाने खात्यासमोर आपल्या हद्दीचा आराखडा वाचून घ्यावा. सभेचा ठराव जिल्हा प्राधिकरणाकडं पाठवावा आणि पुढच्या वर्षी पहिला प्रश्न त्याच ठरावाचा विचारावा.

दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान कर्तव्यावर गेले, त्यांच्या स्मरणाचा तो आठवडा. बेळगावात, निपाणीत शाळा-बाजारांतून प्रात्यक्षिकं होतात, जवान सिलिंडरची आग विझवून दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात. येत्या एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक संपलं की जवानांना आधी पाणी द्या, मग अधिकाऱ्यांना आपल्या गावाचं नाव सांगा आणि विचारा: आमच्याकडं गाडी किती मिनिटांत येते, आणि वेदगंगेला पूर असेल तर कुठून येते? मिळालेलं उत्तर तारीख घालून लिहून घ्या, आणि पंचायतीच्या फलकावर लावा.